लाल रंग नीट दाखवणारा बल्ब

माझे वडील रेल्वेत लोको पायलट होते. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. मी सात वर्षांची असताना बाबांची बदली जयपूरला झाली आणि मग इथेच राहिलो. आई-बाबा अजून तिकडचंच बोलतात. माझ्या बोलण्यात ‘मतलब’ आणि ‘भैया’ आल्याशिवाय राहत नाहीत, पण आईने हट्टाने मराठी वाचायला लावलं म्हणून लिहिता तरी येतं.

बाबांना आपल्या नजरेचा फार गर्व होता. धुक्यातला सिग्नल आपल्याला इतरांच्या आधी दिसतो, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पहिल्या क्वार्टरच्या गच्चीवरून यार्डातले सिग्नल दिसायचे. ते मला तिथे उभं करून विचारायचे, आता कोणता आहे, आता कोणता. मी चुकले की डोक्यात चापट बसायची. हे ते प्रेमाने करतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पुढे मी रंगांच्याच कामाला लागले. सांगानेरच्या एका कापड छापणाऱ्या कारखान्यात गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी आमचा छापलेला रंग जुळतो की नाही हे बघायचं माझं काम. बाबा त्याला ‘चिंध्या जुळवणं’ म्हणायचे.

मी सव्वीस वर्षांची असताना बाबांना टीबी झाला. आधी नुसता खोकला होता, मग वजन उतरलं, मग एक्स-रे निघाला. सहा महिन्यांचा कोर्स आणि तोवर सिक लीव्ह. पहिल्या दिवशी दवाखान्यात मी त्यांच्यासोबत होते. डॉक्टरीणबाईंनी बरंच काही सांगितलं: गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, लघवी लालसर होईल पण घाबरायचं नाही. आणि नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरव्यात गडबड वाटली तर त्याच दिवशी यायचं. यातली एक गोळी क्वचित कोणाच्या डोळ्यांवर जाते, ती वेळेवर थांबवली की नजर बहुतेक परत येते. बाबांचं लक्ष नव्हतं. ते फिट सर्टिफिकेट कधी मिळेल एवढंच विचारत होते. मी मान हलवत गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या.

बाबा घरी बसले आणि विद्याधर नगरमधली आमची भाड्याची तीन खोल्यांची जागा अचानक लहान झाली. एरवी ते महिन्यातले निम्मे दिवस गाडीवर असायचे. आता सकाळपासून आईच्या मागे. भांडं का आपटलं, पंखा का लावला, शेजारणीशी इतका वेळ काय बोलून राहिली होती. आई बोलायची नाही. तिचं न बोलणं त्यांना आणखी चिडवायचं.

चौथ्या महिन्यात त्यांनी रंगाचं काढलं. पहिल्यांदा तर्री होती. आमच्याकडे रस्सा तिखट आणि लालभडक लागतो, वर तेलाचा तवंग हवा. बाबांनी वाटी पुढे सरकवली आणि तिखट संपलं होतं का असं विचारलं. आई म्हणाली, नेहमीइतकंच घातलंय. ते म्हणाले, मग हे मातीचं पाणी कशाला दिसून राहिलं? दुसऱ्या दिवशी टोमॅटो कच्चे होते. तिसऱ्या दिवशी आईच्या साडीचा रंग गेला होता, धुता येत नाही का तुले. एकदा आई त्यांना चहा देत होती तेव्हा तिच्या कपाळाकडे बघून म्हणाले, “कुंकू बी स्वस्तातलं आणून राहिली का? लावलं की नाही तेच समजत नाही.”

आई आरशासमोर जाऊन बराच वेळ उभी राहिली. मग तिने बोट ओलं करून कुंकू पुन्हा लावलं, आधीपेक्षा मोठं.

मी तेव्हा बाबांची बाजू घेतली, हे लिहून ठेवलं पाहिजे. मी आईला म्हटलं की दोष बल्बचा आहे. ते खरंही होतं. आमच्या घरातले सगळे एलईडी बाबांनीच एका ठेल्यावरून घाऊक आणलेले. कारखान्यात रंग तपासायच्या दिव्याच्या पेटीत टवटवीत दिसणारा लाल तुकडा घरी आणला की विटकरीच्या चुऱ्यासारखा दिसायचा. स्वस्त बल्बचं असंच असतं. उजेड भरपूर, पण त्यात लाल नसतो, आणि उजेडातच नसलेला रंग वस्तूवर दिसणार कुठून? सूर्याच्या उजेडात रंग जसे दिसतात त्याला शंभर धरतात आणि त्यावरून बल्बला आकडा देतात. साधे बल्ब ऐंशीच्या आसपास असतात. लाल रंगाचा आकडा वेगळा काढतात, आणि तो इतका वाईट येतो की खोक्यावर कोणी छापत नाही. मी जेवताना हे समजावून सांगितलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

“मंग आण ना तसे बल्ब,” ते म्हणाले. “मी केव्हाचा सांगून राहिलो, लाइटच खराब आहे.”

मी शोधायला लागले. आमच्या सेक्टरच्या बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, मॅडम, वॉट सांगा आणि सफेद की पिवळा ते सांगा, तिसरं काही नसतं. दुसऱ्याने खोकं उलटंसुलटं करून माझ्याच हातात दिलं. मी पर्समध्ये दोन तुकडे घेऊन फिरायचे, एक गडद लाल, एक डाळिंबी. दुकानदाराला बल्ब लावायला सांगायचे आणि तुकडे त्याखाली धरायचे. दोन्ही सारखेच दिसले की तुकडे परत पर्समध्ये. जवाहर नगरमधल्या एका मोठ्या दुकानात मुलीने हसत विचारलं की मी साडीला मॅचिंग बल्ब शोधतेय का. ऑनलाइन मागवलेले दोन बल्ब आले, खोक्यावर पंच्याण्णव छापलेलं, आणि उजेड मेलेल्या माशासारखा. तेही परत पाठवले. असे तीन रविवार गेले.

शेवटी आमच्या कारखान्यातली दिव्याची पेटी दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाने एक पत्ता दिला. जौहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ होते, रत्नांच्या व्यापाऱ्यांकडे दिवे बसवून द्यायचे. त्यांनी माझे तुकडे हातात घेतले, खिडकीशी नेऊन बघितले आणि विचारलं, बेटी, घर में क्या देखना है? मी म्हटलं, जेवण. ते हसले नाहीत. त्यांनी आतून एक बल्ब आणून लावला. त्याच्याखाली डाळिंबी आणि लाल लगेच वेगळे झाले, जणू कोणी दोघांच्या मध्ये रेघ ओढली. मी असे सहा बल्ब घेतले.

संध्याकाळी मी स्टुलावर चढून स्वयंपाकघरात, जेवायच्या जागी, देवापाशी, बाबांच्या खोलीत आणि न्हाणीघरात बल्ब बदलले. एक आरशावर लावला. आई त्या आरशासमोर आली आणि थांबली. कुंकू लालबुंद दिसत होतं. त्याचबरोबर तिच्या डोळ्यांखालचे डाग, ओठांच्या कडेच्या रेघा, मानेवरचं काळवंडलेलं सगळंच दिसत होतं. “खरंच अशीच दिसते का मी?” तिने विचारलं. मी म्हटलं, आई, उन्हात गेलीस तर अशीच दिसशील. तिने आरशाकडे पाठ केली.

बाबा जेवायला बसले. मी मुद्दाम लाल सालीची सफरचंदं आणि हिरवी मिरची ताटाशेजारी ठेवली होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “काय फरक पडला? तसंच मातकट. फसवलं तुले कोणीतरी.”

मला राग आला. तीन रविवार मी उन्हात फिरले होते. मी त्यांना म्हटलं, डोळ्यांना सवय व्हायला दोन दिवस लागतील. असं काही नसतं, हे मला माहीत होतं.

खरं काय ते मला न्हाणीघरात कळलं. दोन दिवसांनी सकाळी बाबा बाहेर आले तेव्हा खुशीत होते. आईला म्हणाले, गोळ्या लागू पडल्या, आता लघवी अगदी साफ होते, पाण्यासारखी; सुरुवातीला ती लाल बघून किती घाबरलो होतो. त्यांच्या मागोमाग मी आत गेले. त्यांनी पाणी नीट ओतलं नव्हतं. नव्या बल्बच्या उजेडात संडासाच्या पांढऱ्या भांड्यात झेंडूसारखा केशरी रंग स्वच्छ दिसत होता.

डॉक्टरीणबाईंचं लाल-हिरव्याबद्दलचं वाक्य मला जसंच्या तसं आठवलं.

मी बाहेर आले. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं असं त्या म्हणाल्या होत्या. बाबा टेबलाशी बसून आईला सांगत होते की चहाचा रंग बघ, याला चहा म्हणतात का. मी बॅग घेतली आणि कामाला गेले. स्कूटरवर मी स्वतःला सांगत होते की आधी खात्री करून घेऊ. ही सबब मला पुढे बरेच दिवस पुरली.

खात्री करायला एक संध्याकाळ पुरेशी होती. मी त्यांच्यापुढे टोमॅटोंची टोपली ठेवून पिकलेले निवडून द्यायला सांगितलं. त्यांनी अगदी अधिकाराने चार हिरवे काढून दिले. मी त्यांचीच भाजी केली. ते आंबट म्हणून ओरडले, तेव्हा मी म्हटलं, बाबा, तुम्हीच निवडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाटात एक हिरवट आणि एक तपकिरी मोजा गुंडाळून ठेवला. ते तसेच घालून देवळात गेले आणि मी बाल्कनीतून त्यांना रस्ता ओलांडताना बघितलं. कारखान्यातले तुकडे आणून विचारलं, यातले जुळणारे कोणते. ते घाम पुसत म्हणाले, हे चिंध्यांचं काम माझं नाही. त्यांच्या आवाजात भीती होती आणि ती मला कळली. मला त्यात गोडी वाटली. इतक्या वर्षांनी प्रश्न मी विचारत होते आणि उत्तर त्यांना येत नव्हतं.

पाचव्या महिन्याच्या गोळ्या आणायच्या आदल्या दिवशी माझी मावशी वर्ध्याहून व्हिडिओ कॉलवर होती. ती आईला म्हणाली, तू किती बारीक झालीस. बाबांनी फोन आपल्याकडे ओढला आणि मावशीला म्हणाले, बारीक नाही, हिचा रंगच उडाला. कुंकू लावून राहिली आणि तेही चढत नाही हिच्यावर, आता माझ्यानंतरची प्रॅक्टिस करते काय विचार. मावशी कसंनुसं हसली. आईने फोन घेतला नाही. ती देवापाशी गेली, कुंकवाचा करंडा उचलून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवत हळूच म्हणाली, महागाचं आहे, तुम्हीच बघा. बाबांनी न बघता हात झटकला. करंडा फरशीवर पडला. आई गुडघ्यांवर बसून कुंकू कागदाने गोळा करत होती. त्या उजेडात फरशीवरचा प्रत्येक कण दिसत होता. बाबांनी पाय बाजूला घेतला नाही, कारण आपण कशात पाय ठेवलाय हे त्यांना दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्यांच्या खिडकीपाशी रांगेत होते. नर्सने कार्ड बघितलं, नेहमीचे प्रश्न विचारले. उलट्या? नाही. भूक? चांगली. मग तिने न बघताच विचारलं, “नज़र ठीक है?”

“ठीक है,” मी म्हटलं.

तिने महिन्याच्या गोळ्या दिल्या. मी त्या घरी आणल्या आणि रोज सकाळी बाबांच्या हातावर ठेवल्या. पाणीही मीच द्यायचे.

कोर्स संपला, खोकला गेला, वजन भरलं. फिट सर्टिफिकेटसाठी त्यांना रेल्वेच्या डॉक्टरांपुढे जायचं होतं. त्या सुमारास बाबा सकाळी गच्चीवर फोन घेऊन बसायला लागले. मी एकदा मागून बघितलं. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातल्या पानांचे फोटो होते, ज्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. ते पान मोठं करून बघायचे आणि कागदावर लिहिलेला आकडा पुटपुटायचे. पहिल्या पानाचा बारा, दुसऱ्याचा आठ. ते पाठ करत होते. मी खाली आले आणि आईला सांगितलं की बाबा परीक्षेचा अभ्यास करतायत. ती कणीक मळत होती. ती म्हणाली, करू दे.

तपासणीला मी सुट्टी घेऊन त्यांच्यासोबत गेले. डॉक्टर तरुण होते, अदबीने बोलत होते. त्यांनी पुस्तक उघडलं. बाबांनी पहिल्या पानाला बारा म्हटलं, ते बरोबर होतं. मग डॉक्टरांनी मधलंच एक पान काढलं. बाबा थांबले. आणखी एक पान. बाबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, साहेब, इथला लाइट बरोबर नाही, या लाइटमध्ये लाल रंग येतच नाही. माझी मुलगी यातली जाणकार आहे, तिला विचारा.

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीसकट खिडकीपाशी बसवलं. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबा एकेक पान उलटत गेले, शेवटचं पान आलं तरी एक आकडा बोलले नाहीत. मग पुस्तक मिटून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी गोळ्यांचं कार्ड बघितलं आणि विचारलं, हे कधीपासून होतंय? बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, एखादा आठवडा झाला असेल. ते जरा खुलले. म्हणाले, मग आशा आहे, लवकर कळलेलं परत येतं. त्यांनी डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

मोठ्या डॉक्टरांनी पडद्याचे फोटो काढले, कसल्या कसल्या चाचण्या केल्या आणि सांगितलं की हे आठवड्याचं नाही, दोन-तीन महिन्यांचं तरी आहे. पडद्यामागची नस सुकायला लागली होती. त्यांनी रागावून विचारलं की एवढे दिवस घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का. आई त्या दिवशी सोबत होती. बाबांनी तिच्याकडे वळून पहिल्यांदाच कबूल केलं, की लाल रंग दिसत नव्हता, उन्हाळ्यापासूनच. आईने ते ऐकून घेतलं. मग ती डॉक्टरांसमोरच, मराठीत, बाबांना म्हणाली, “म्हणजे फिकी मी नव्हती.” आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

वर्षभर तपासण्या चालू राहिल्या. थोडं परत आलं. उन्हात, हातात धरलेली वस्तू लाल आहे हे त्यांना आता कळतं. लांबचा लाल ठिपका कळत नाही. इंजिन गेलं. त्यांना ऑफिसात बसायची नोकरी दिली, ड्युटीवर येणाऱ्या ड्रायव्हरांच्या सह्या घ्यायची. पगारात फारसा फरक पडला नाही, हे लोक त्यांना समजुतीने सांगायचे आणि ते त्यांच्याशी बोलणं बंद करायचे.

मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनीच एका रविवारी विचारलं. आई घरात नव्हती. ते बाल्कनीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते, मी कपडे वाळत घालत होते.

“तुले केव्हा समजलं होतं?”

खोटं बोलायला वेळ होता. मी म्हटलं, “बल्ब बदलले त्याच आठवड्यात.”

“गोळ्या तूच आणत होती.”

“हो.”

“त्या बाईनं विचारलं नव्हतं?”

“विचारलं होतं. मी ठीक आहे म्हटलं.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मला वाटलं उठून मारतील. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी होते. ते म्हणाले, “मले तुझ्या आधी समजलं होतं. तर्रीवर भांडलो ना, त्याच्या बी आधी. पण सांगितलं असतं तर गाडी गेली असती. तू बल्बचं काढलं, मले बरंच झालं.” मग म्हणाले, “तू त्या बाईले सांगितलं असतं, तर मी तुलेच खोटं पाडलं असतं. तरी सांगायला पाहिजे होतं तू. मी बाप आहे तुझा.”

मला त्या क्षणी सगळ्यात जास्त काय वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनाही माहीत होतं, म्हणजे माझा दोष निम्मा झाला, असा हिशेब माझ्या मनाने तिथेच उभ्याउभ्या केला. तो हिशेब खोटा आहे हे मला आता कळतं. त्यांनी भीतीने लपवलं होतं. मी घाबरले नव्हते.

त्यानंतर ते मला कुठलीच वस्तू कोणत्या रंगाची आहे हे विचारत नाहीत. ऑफिसात त्यांच्याबद्दल तक्रारी जातात. सही वेळेत नसली की तरुण ड्रायव्हरांना उभं करून ठेवतात, सगळ्यांसमोर बोलतात. एकाने मला बाजारात ओळखून सांगितलं, आपके पापा बहुत सख़्त हैं. मी माफी मागितली नाही, नुसती मान हलवली.

आई गेल्या मार्चमध्ये मावशीकडे वर्ध्याला गेली, महिन्याभरासाठी म्हणून. अजून आली नाही. तिथे एका बालवाडीत जाते, मुलांचे डबे भरून देते, असं मावशीने सांगितलं. स्वयंपाक आता बाबा करतात, मी भांडी घासते. आईचा फोन मला येतो. ती विचारते, भात जमतो का त्यांना, तेल जास्त घालतात का. मी सांगते, जमतो आता. डोळ्यांबद्दल तिने आजवर एकदाही विचारलं नाही.